मनातलं ओळखून दाखव बरं!

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, हापिसातून अजून कुणाचा फोन आलेला नाही (म्हणजे प्रॉडक्शन बहुतेक नीट चाललंय), तेव्हा गेले काही महिने डोक्यात खदखदणारा एक विषय आज उतरवून टाकतो. लेख जरा चिडून लिहिलाय. बहुतेकांनी ह. घ्या. ज्यांना झोंबायला पाहिजे त्यांनी मात्र अजिबात हलके घेऊ नये.

विषय आहे मानसशास्त्राची बी.ए.

तीन वर्षांपूर्वी माझी भाची बारावी झाली. तिला आपण मनू म्हणू. (खरं नाव लिहिलं तर ताईचा फोन येईल.) सायन्सला ८७ टक्के. ताईकडे पेढे खायला सगळे जमले होते आणि पेढा तोंडात असतानाच मनूने जाहीर केलं की ती मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणार. दाजी फक्त "आर्ट्सला?" एवढंच म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. एका काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मग सांग बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" मावशी म्हणाली, "वेड्यांच्यात राहून माणूस वेडा होतो गं बाई." आणि मी? मी घरातला शहाणा, कम्प्युटरवाला मामा. मी म्हटलं, "अगं, हा सगळा कॉमन सेन्स असतो. हौस म्हणून पुस्तकं वाच ना. त्यासाठी डिग्री कशाला?"

मनू शांतपणे म्हणाली, "मामा, कोडबद्दल बोलताना तू कधीच एवढ्या खात्रीने बोलत नाहीस."

तर आजचा लेख म्हणजे माझ्या त्या वाक्याचं प्रायश्चित्त आहे. आणि प्रायश्चित्त घेता घेता आणखी चार लोकांशी भांडणार आहे.

गेली तीन वर्षं मी मनूचा हक्काचा 'प्रयुक्त' आहे. ज्याच्यावर प्रयोग करतात त्याला मराठी पुस्तकांत प्रयुक्त म्हणतात. शब्द थोडा सरकारी आहे, पण उंदीर म्हणण्यापेक्षा बरा. पहिला प्रयोग झाला तो म्युलर-लायर भ्रमाचा. हा भ्रम १८८९ सालचा. एका रेषेच्या टोकांना बाण आत मिटलेले, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. रेषा सारख्या लांबीच्या असल्या तरी दुसरी मोठी दिसते. हे चित्र आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेलं असतं, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो. मनूने सरकणारी पट्टी हातात दिली आणि म्हणाली, "दोन्ही सारख्या दिसतील तिथे थांब." मी थांबलो. मागे मिलिमीटरची पट्टी होती, तिच्यावर चूक दिसली. पुन्हा केलं, पुन्हा चूक. चूक होणार हे माहीत असून, तिचं नाव माहीत असून, ती कुठल्या दिशेला होणार हेही माहीत असून मी दर वेळी चुकलो.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. मनू अर्ध्या वेळा पट्टी लांब करून माझ्या हातात द्यायची आणि अर्ध्या वेळा आखूड करून. मधेच डावी-उजवी बाजू बदलायची. मी विचारलं, हा काय खेळ? तर म्हणाली, "तू कुठून सरकवायला सुरुवात करतोस त्याचाही उत्तरावर परिणाम होतो. आणि सरावाचा होतो, आणि कंटाळ्याचापण. ते सगळं वजा केल्याशिवाय भ्रम किती आणि तू किती, हे कसं कळणार?"

वाचकहो, मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. आमच्याकडे एखाद्या पानावरचं बटण निळं करायचं की हिरवं यावर प्रयोग होतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी "हिरवं जिंकलं!" म्हणून मेल टाकतो. त्या तीन दिवसांत शनिवार-रविवार आला होता का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. ते एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात जेवणाच्या टेबलावर आलं होतं. कारण तिला ते शिकवलं होतं.

मग स्ट्रूपचा प्रयोग आला. तो १९३५ सालचा. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. माणूस अडखळतो, कारण वाचणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही. मनूने एक तक्ता मराठीत केला आणि एक इंग्रजीत आणि आमच्या आईला बसवलं. आईला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. ती मराठी तक्त्यावर सारखी अडखळली आणि इंग्रजीवर फारच कमी! मी लगेच ओरडलो, "बघ, सिद्ध झालं!" त्यावर मनूने बजावलं, "एका आजीवरून काही सिद्ध होत नाही, मामा."

हे आहे मानसशास्त्राचं शिक्षण. स्वतःच्या खात्रीवर संशय घ्यायचं शिक्षण. मनातलं ओळखायचा यात काही संबंध नाही. उलट दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं आपल्याला जे सारखं वाटत असतं, त्याचा हा विषय हिशेब मागतो.

आता पहिलं भांडण, माझ्याच जातभाईंशी. 'सॉफ्ट विषय' म्हणून नाक मुरडणारे आपण इंजिनियर मंडळी. हल्ली आपण सगळे ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने पगारवाढ मागतोय, ती कुठून आली? १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅट या माणसाने पर्सेप्ट्रॉनची कल्पना मांडली. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि त्याचा निबंध 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. १९८६ साली बॅकप्रॉपगेशनवरचा जो गाजलेला निबंध 'नेचर'मध्ये आला, त्याचे पहिले लेखक डेव्हिड रुमेलहार्ट हे मानसशास्त्रज्ञच. त्याच निबंधाचे दुसरे लेखक जेफ्री हिंटन. २०२४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हिंटन यांची पहिली पदवी कुठली? केंब्रिज, १९७०, प्रायोगिक मानसशास्त्र. म्हणजे दाजींच्या भाषेत, 'आर्ट्सला'.

आणि आपण मानसशास्त्र वापरतो कसं, तेही बघा. डिझाइनच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतो, "मेनूत सातच गोष्टी ठेवा, माणसाच्या डोक्यात सातच मावतात." हे जॉर्ज मिलरच्या १९५६ च्या निबंधावरून आलंय. तो निबंध ऐकलेल्या गोष्टी लगेच परत सांगण्याबद्दल आणि आवाज, चवी वगैरेंच्या पायऱ्या ओळखण्याबद्दल आहे. मेनू तर डोळ्यांसमोर पडद्यावर असतो! तो लक्षात ठेवायचाय कशाला? मी स्वतः हे वाक्य निदान तीन मीटिंगांत ठोकून दिलंय. मनूने तिच्या पुस्तकातलं ते पान दाखवलं तेव्हा कान लाल झाले. कॉमन सेन्स, म्हणे.

दुसरं भांडण कॉलेजांशी. नाव घेत नाही, कारण एका कॉलेजचा हा प्रश्न नाही.

मनूच्या प्रॅक्टिकलच्या बॅचला आरशात बघून चांदणी गिरवायचं उपकरण एकच होतं. मुली वीस. शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. त्या तासाला शिकवून दुसऱ्या कॉलेजला पळायच्या. मग काय होतं? मागच्या वर्षीची जर्नलं हातोहात फिरतात. आकडे उतरवले जातात, थोडे इकडेतिकडे करून. प्रयुक्ताचं नाव बदलतं, 'प्रयुक्ताचे मनोगत' या रकान्यात 'प्रयोग करताना मजा वाटली' असं लिहिलं जातं. सही, शिक्का, मार्क. मनू मला आणि आजीला धरून खरेखुरे प्रयोग करत होती, तर मैत्रिणी तिला विचारायच्या, "तू एवढं कशाला करतेस?" शिवाय तिचे आकडे पुस्तकासारखे छान येत नव्हते. आरशातल्या चांदणीत सरावाने चुका कमी व्हायला हव्यात, माझ्या पाचव्या फेरीत त्या वाढल्या, कारण मधे हापिसचा फोन आला. तिने ते तसंच लिहिलं. तिला दोन मार्क कमी, उतरवणाऱ्यांना पूर्ण!

जरा विचार करा, आपण काय शिकवलं? ज्या विषयाचा गाभाच 'आकडे खरे ठेवा' हा आहे, त्याची प्रात्यक्षिकं आपण खोटे आकडे लिहायच्या सरावासाठी वापरली.

संख्याशास्त्राचंही तेच. प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं पुस्तकात असतं. पण 'ते ऑप्शनला टाका, थिअरीवर पास होतं' हा सल्ला सीनियरांकडून पहिल्याच आठवड्यात मिळतो. मग उरतात त्या थोडक्यात टिपा. फ्रॉइडची टीप, मास्लोचा त्रिकोण, पाव्हलॉव्हचा कुत्रा. गाइडमधून पाठ, पेपरात ओकायचं.

आणि त्या टिपा तरी आजच्या असाव्यात की नाही? २०१५ साली २७० संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीला उतरले होते. पुन्हा केल्यावर उतरले ३६ टक्के! दुसऱ्या कुठल्या विषयाने स्वतःची अशी झडती घेऊन ती जाहीरपणे छापली असती? मला तर वाचून या विषयाबद्दलचा आदर दुप्पट झाला. पण मनूच्या वर्गातल्या नोट्समध्ये याचा पत्ता नाही. १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग अजून 'माणूस परिस्थितीचा गुलाम असतो' याचा पुरावा म्हणून पाठ करतात. जुन्या ध्वनिफिती आणि कागदपत्रं तपासून २०१९ साली दाखवून दिलंय की पहारेकऱ्यांनी कसं वागावं याच्या सूचना त्यांना आधीच मिळाल्या होत्या. पेपरात हे लिहिलं तर मार्क जाण्याची भीती! बग सापडला, सुधारणाही आली आणि आपण अजून जुनीच आवृत्ती चालवतोय.

आता यातला सगळ्यात चिडवणारा भाग. मानसशास्त्राची जी मोठी नियतकालिकं आहेत, त्यांतल्या अभ्यासांचे ९६ टक्के प्रयुक्त पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले असतात हे २००८ सालीच मोजून झालंय. त्या देशांत जगाची लोकसंख्या आहे सुमारे १२ टक्के. म्हणजे आमची आई, तुमचे आजोबा, बार्शीचा दुकानदार, पालघरची शाळकरी मुलगी, यांच्यातलं कुणीच त्या आकड्यांत जवळजवळ नाही. आणि इकडे महाराष्ट्रात दर वर्षी हजारो पोरं आपापल्या गल्लीतले प्रयुक्त बसवून तेच प्रयोग करतात, किंवा केल्याचं लिहितात. नुसते खरे आकडे लिहून घेतले आणि सगळ्या कॉलेजांनी एका सामायिक फाइलमध्ये टाकले, तर पाच वर्षांत मराठी माणसाच्या स्मरणाबद्दल, लक्षाबद्दल, भ्रमांबद्दल केवढा विदा जमा होईल! याला ना मोठा निधी लागतो ना परदेशी यंत्र. एक सरळ तक्ता आणि 'आकडे वाईट आले तरी मार्क जाणार नाहीत' एवढं एक आश्वासन लागतं. त्याऐवजी ती जर्नलं परीक्षा झाली की रद्दीत जातात.

आणि हा विषय काही आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला १९१६ साली. जर्मनीत लाइपझिगला वुंटने पहिली प्रयोगशाळा काढली त्यानंतर अवघ्या ३७ वर्षांनी. म्हणजे उशीर झाला ही सबबदेखील नाही.

"बरं मग? शिकवतात वाईट. सगळेच विषय वाईट शिकवतात. एवढं चिडायला काय झालं?" असं तुम्ही म्हणाल. सांगतो. हे लिहावं की नाही यावर दोन शनिवार घालवलेत.

माझा एक हापिसातला मित्र. कपातीच्या दिवसांत त्याची झोप गेली. मग जेवण गेलं. मग तो मीटिंगमध्ये बोलायचाच थांबला. बायकोने आग्रहाने मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, जरा बरं वाटायला लागलं. पण गोळ्यांची लाज वाटायची. कुणीतरी एक 'काउन्सेलर' सुचवला. भिंतीवर सर्टिफिकेटं भरपूर. मानसशास्त्राची पदवी, वर शनिवार-रविवारचे दोन-तीन डिप्लोमे. बोलायला गोड. तिसऱ्या भेटीत त्याने सांगितलं की गोळ्या म्हणजे कुबड्या, मन खंबीर असेल तर सोडता येतात. मित्राने सोडल्या. एका झटक्यात, डॉक्टरांना न विचारता. महिन्याभराने मी त्याला हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो. तपशील लिहीत नाही. आज तो बरा आहे, कामावर आहे आणि हा परिच्छेद त्याला दाखवूनच टाकलाय.

त्या काउन्सेलरला मी दुष्ट म्हणत नाही. त्याला खात्री होती, बस्स. तीच खात्री, जी तीन वर्षं घासून काढायची असते. जर्नल उतरवून, संख्याशास्त्र ऑप्शनला टाकून, मास्लोचा त्रिकोण पाठ करून पदवी मिळाली की ती खात्री तशीच राहते, फक्त तिला शिक्का लागतो.

कायदा काय म्हणतो ते बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला पदव्युत्तर शिक्षण आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं पूर्णवेळ प्रशिक्षण लागतं, तेही मान्यताप्राप्त संस्थेतलं. नुसत्या बी.ए.वर उपचार करता येत नाहीत. यात बी.ए.चा कमीपणा काहीच नाही. भौतिकशास्त्राची बी.एस्सी. झालेल्याला आपण पूल बांधायला देत नाही, पण म्हणून ती पदवी फालतू ठरत नाही. २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी घातली. चांगलंच झालं म्हणणारे आहेत, गरीब आणि नोकरी करणाऱ्या मुलांचं काय म्हणणारेही आहेत, आणि दोघांचंही काही अंशी पटतं. पण वर्गात बसून जर्नलच उतरवायचं असेल, तर घरी बसून उतरवण्यापेक्षा त्यात काय मोठं वेगळं घडणार, हे मला कुणी समजावून सांगा.

आणि गरज केवढी आहे! निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (त्यात महाराष्ट्र नव्हता). वेगवेगळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. ही एवढी मोठी फट आहे आणि तिच्यात उभं राहायला जी मुलं आपणहून पुढे येतात, त्यांना आपण म्हणतो, "माझ्या मनातलं ओळखून दाखव." मग हुशार मुलं बिचकतात. वर्ग अशा मुलांनी भरतो ज्यांना दुसरं काही मिळालं नाही. कॉलेज म्हणतं, अशा मुलांना संख्याशास्त्र झेपणार नाही, सोपं करा. सोपं झालं की आपण म्हणतो, बघा, सोपाच विषय आहे. हे चक्र आपणच फिरवतोय, पेढा खाता खाता.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात (इंजिनियर आहे, मुद्दे काढल्याशिवाय चैन पडत नाही):

१. प्रवेश घेतानाच मुलाला आणि आईबापांना एका कागदावर स्पष्ट लिहून द्या, की या पदवीने काय करता येईल आणि काय करता येणार नाही. तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

२. प्रॅक्टिकलचे मार्क सुंदर आकड्यांना देऊ नका, खऱ्या आकड्यांना द्या. प्रयोग फसला आणि का फसला हे नीट लिहिलं, तर पूर्ण मार्क.

३. संख्याशास्त्र ऑप्शनला टाकता येणार नाही असा पेपर काढा. चार पोरं कमी येतील. येऊ देत.

४. शिकवणाऱ्याला पूर्ण पगारावर नेमा. तासावर आलेल्या माणसाकडून वीस जर्नलं खरी आहेत का हे तपासून घ्यायची अपेक्षा ठेवणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

५. आणि आपण. घरातली कुणी पोरगी मानसशास्त्र घेते म्हणाली तर पेढा गिळा आणि गप्प बसा.

मनूचं तिसरं वर्ष संपत आलंय. नव्या धोरणाप्रमाणे चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची की एम.ए.ला जायचं, यावर घरात खल चालू आहे. पुढे रुग्णांसोबत काम करायचं असेल तर अजून निदान चार-पाच वर्षं. दाजींनी हिशेब मांडला आणि परवा मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढी वर्षं शिकून पगार किती रे मिळतो?" मी खरं काय ते सांगितलं. आमच्याकडच्या फ्रेशरपेक्षा कमी मिळेल, बराच काळ. ते गप्प झाले. मग म्हणाले, "तुझ्या त्या मित्राला शिकलेलं माणूस भेटलं असतं तर..." आणि वाक्य अर्धंच सोडून पुन्हा गॅलरीत गेले.

या वेळी मीपण त्यांच्या मागे गेलो.

असो. चहा गार झाला. तूर्तास इतकेच.

ता. क. : लेख टाकायच्या आधी मनूला वाचायला दिला. तिचं म्हणणं, "एका मित्रावरून आणि एका कॉलेजवरून एवढे निष्कर्ष काढलेस, मामा?" मान्य. पण आकडे कुठे आहेत? ते तर रद्दीत गेले ना!